‘बीज तरुण, म्हणून गर्भारपण निर्धोक’: एका संदेशाचा प्रतिवाद

नाशिकमध्ये वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून गेले काही महिने एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ‘डोनर एग’, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने दिलेले बीज, तरुण मुलीचे असते, त्यामुळे गर्भारपणही तरुण मुलीसारखेच निर्धोक होते, गुंतागुंत झालीच तर ती आईच्या वयामुळे किंवा जुळ्यांमुळे होते, बाळाला वेगळा धोका नसतो, म्हणून बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांनाही हे सांगू नये.

यातील एक गोष्ट खरी आहे, आणि बाकीचा डोलारा तिच्यावरच उभा केला आहे. डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषांची शक्यता गर्भ वाढवणाऱ्या स्त्रीच्या नव्हे, तर बीजाच्या वयावर अवलंबून असते. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने बीज देणाऱ्या स्त्रीचे वय २३ ते ३५ वर्षे असे ठरवून दिले आहे. चाळिशीतल्या स्त्रीसाठी हा मोठाच दिलासा आहे. परंतु बीजाने वार (गर्भाला पोसणारा अवयव) कशी रुजेल आणि रक्तदाब कसा राहील याची हमी मिळत नाही.

याची दोन कारणे सांगितली जातात. एरवी गर्भाचा निम्मा आनुवंशिक वाटा आईचा असतो; दात्या स्त्रीच्या बीजापासून वाढणारा गर्भ मात्र आईच्या प्रतिकारशक्तीला बहुधा पूर्णपणे परका असतो, आणि त्यामुळे वारेच्या रक्तवाहिन्या गर्भाशयात नीट खोल रुजत नसाव्यात, असे तज्ज्ञ मानतात. दुसरे कारण उपचारपद्धतीत आहे. गर्भाशयाचे अस्तर केवळ संप्रेरकांच्या गोळ्या-इंजेक्शनांनी तयार केले जाते, तेव्हा बीज सुटल्यावर अंडाशयात एरवी तयार होणारा पीतपिंड तयारच होत नाही, आणि गर्भारपणाशी जुळवून घेण्यास रक्तवाहिन्यांना मदत करणारे त्याचे स्रावही मिळत नाहीत.

‘हे सगळे वयामुळे किंवा जुळ्यांमुळे’ हा मुद्दा म्हणूनच टिकत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दात्या स्त्रीच्या बीजाने केवळ एकेरी गर्भ राहिलेल्या स्त्रियांची तुलना स्वतःच्या बीजाने आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) करून घेतलेल्या स्त्रियांशी केली, तेव्हाही प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या विकाराची, शक्यता सुमारे दुप्पट दिसली. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव आणि सिझेरियन यांचे प्रमाणही वाढलेले होते. वय आणि जुळी यांनी धोका आणखी वाढतो हे खरे, पण ती दोन्ही नसली म्हणून तो नाहीसा होत नाही. अर्थात दुप्पट म्हणजे अटळ नव्हे. अशा बहुतेक बायका सुखरूप बाळंत होतात, आणि मी हे कोणाला उपचारांपासून परावृत्त करण्यासाठी लिहीत नाही.

बाळाविषयी फार लांबण लावण्याचे कारण नाही. त्याच विश्लेषणात अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजन यांचेही प्रमाण अधिक होते. आईचा रक्तदाब हाताबाहेर गेला की बाळाला वेळेआधी बाहेर काढावे लागते.

सर्वांत घातक आहे तो ‘सांगू नका’ हा सल्ला. माझी मावसबहीण ३१ वर्षांची. अंडाशयाचे काम अकाली थांबलेले आणि गर्भ एकच. दात्या स्त्रीच्या बीजाचे उपचार नाशिकला झाले आणि सातव्या महिन्यात ती निफाडजवळच्या माहेरी गेली. फाईल भावजयीच्या हाती पडेल म्हणून तिने पहिली काही पाने काढून ठेवली. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनची चिठ्ठी त्यांतच होती, ती गोळीही बंद पडली. तिथल्या दवाखान्यात तिची नोंद ‘पहिलटकरीण’ एवढीच झाली आणि पुढची तपासणी महिन्याने ठरली. तेहतिसाव्या आठवड्यात डोके ठणकू लागले आणि बोटातली अंगठी निघेना. पित्त म्हणून दोन दिवस कपाळाला सुंठ उगाळून लावली. तिसऱ्या दिवशी रक्तदाब १६०/११० भरला. ॲस्पिरिन चालू असती तर हे टळलेच असते, असे मी म्हणणार नाही, कारण त्या गोळीने धोका कमी होतो, संपत नाही. पण डॉक्टरांना ठाऊक असते तर रक्तदाब वरचेवर मोजला गेला असता आणि लघवीतील प्रथिनेही तपासली गेली असती.

घरात कोणाला सांगायचे, हा त्या जोडप्याचा खासगी प्रश्न आहे. कायद्यानेही उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन केंद्रांवर घातले आहे. पण वैद्यकीय निकडीच्या वेळी जोडप्याच्या विनंतीवरून ती देण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. तपासणीच्या वेळी सोबतच्या माणसांना बाहेर थांबायला सांगून डॉक्टरांच्या कानावर ‘बीज दात्या स्त्रीचे आहे’ हे एक वाक्य घालता येते. बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब उसळू शकतो, तेव्हा सव्वा महिन्यात आईला पाहणाऱ्या डॉक्टरांनाही ते ठाऊक हवे.

आमच्याकडे ती पाने अखेर त्या रात्री, नाशिकला न्यायला गाडी दारात उभी असताना, कपाटातल्या साड्यांखालून निघाली, आणि ती भावजयीनेच शोधून दिली.