जुन्या सागवानाला पॉइंट नाही, का तर म्हणे पक्कं बिल नाही!

डोकं फिरलंय आज. ग्रीन बिल्डिंगच्या सर्टिफिकेटसाठी जुनं बांधकामाचं सामान पुन्हा वापरलं की पॉइंट मिळतात असं छापलेलं असतं, आणि तो पॉइंट खरोखर मागायला गेलं की मागणाऱ्याचीच चौकशी सुरू होते, जणू काही चोरीचा माल आणलाय. आमचं रेटिंग कुठलं ते सांगत बसत नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच बोंब आहे.

पुण्यातल्या पेठेतला एक वाडा पाडला, त्याचं लाकूड आम्ही साइटवर आणलं. तुळया, खांब, दाराच्या चौकटी. वरून काळंकुट्ट, धुराने आणि तेलाने माखलेलं, पण रंधा मारला की आतून असला रंग निघतो की काम करणारी पोरं बघायला थांबतात. आमच्या सुतारमिस्त्रींनी हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, याचं जे काय वाकायचं ते कधीच वाकून झालंय, आता हे हलत नाही." आत्ता बाजारात नवं सागवान घ्यायला जा, पांढरीच (सालीजवळचं कच्चं लाकूड) जास्त, दोन पावसाळे गेले की दार चौकटीत बसत नाही.

आणि या लाकडाला सर्टिफिकेटवाल्यांची क्वेरी काय आली? टॅक्स इन्व्हॉइस जोडा. मूळ जागेचं विक्रेत्याच्या लेटरहेडवर पत्र जोडा. अहो, जुन्या लाकडाचा व्यापारी तो, पाडकामाच्या ठेकेदाराकडून लॉटने माल उचलतो, वहीत घनफूट मांडतो आणि साधी पावती फाडून देतो, त्याच्याकडे कुठलं लेटरहेड? वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी कायद्यानेच सक्तीची नाही. म्हणजे सरकारला जो कागद नकोय तो यांना हवाय, आणि तो नाही म्हणून शंभर वर्षांचं सागवान "व्हेरिफाय होत नाही"! वाडा पाडायच्या परवानगीची कॉपी आहे, पाडताना काढलेले फोटो आहेत, ट्रक साइटवर उतरवतानाचे फोटो आहेत, अजून काय पाहिजे?

बरं कागद जमले असं धरू. तरी गणित रुपयांतच. उदाहरणार्थ लीड ही अमेरिकेतली ग्रीन रेटिंगची पद्धत घ्या, तिच्या 2009 च्या व्हर्जनमध्ये एकूण मटेरियलच्या किमतीच्या 5 टक्के जुना माल असेल तर एक पॉइंट, 10 टक्के असेल तर दोन. त्या एकूण किमतीत तुमचा इटालियन मार्बल आला, दर्शनी भागाची काच आली, म्हणजे बिल्डरने नवा महाग माल जितका जास्त ओतला तितका जुना माल टक्क्यात बारीक होत जातो. टनावारी राडारोडा वाचवा, शीटमध्ये दशांश चिन्हाच्या पुढे कुठेतरी दिसतो. जुन्या मालाची नव्याच्या भावाने किंमत धरायची सोय त्यात होती, मान्य आहे, पण कन्सल्टंट म्हणतो त्याच मापाच्या नव्या तुळईचं कोटेशन आणा. त्या मापाची अखंड तुळई आज कुठल्या वखारीत मिळते ते मला दाखवा, मी स्वतः जाऊन कोटेशन आणतो. लीडच्याच 2013 च्या व्ही४ मध्ये, म्हणजे चौथ्या व्हर्जनमध्ये, तर जुन्या मालाचा वेगळा क्रेडिटच (पॉइंट देणारा विभाग) राहिला नाही, कच्च्या मालाच्या मोठ्या क्रेडिटमध्ये ढकलला, तिथे 25 टक्के गाठायचे आणि त्यातही इमारतीचा सांगाडा आणि बाहेरचं आवरण यांचा वाटा 30 टक्क्यांच्या वर धरायचा नाही. जुन्या वाड्यातून निघतं काय? तुळया, खांब, घडीव दगड, विटा, कौलं. जवळजवळ सगळं त्याच खात्यात!

मजुरीचा विषय तर काढूच नका. जुन्या मालात खरा खर्च हाताचा असतो. एकेक खिळा शोधून काढावा लागतो, एक राहिला तरी कटाईला पातं तुटतं म्हणून मिलवाला लाकूड हातात घेत नाही. चुन्यातली वीट हलक्या हाताने ठोकली की अख्खी सुटते, सिमेंटातली काढायला गेलं की तुकडे होतात, त्यामुळे जुनी वीट मिळते ती चुन्यातलीच आणि तीही माणसं बसवून एकेक साफ करून. आमचा कन्सल्टंट म्हणतो मजुरी मटेरियलच्या किमतीत येत नाही, सोडून द्या. म्हणजे ज्या कामाने माल वाचला तेच काम शून्य.

आणि हे सगळं फक्त भिंतीवर पाटी लावायला चाललंय असं समजू नका. आपल्या राज्याच्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीत, ग्रीन रेटिंगप्रमाणे 3, 5, 7 टक्के जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) मिळतो, म्हणून बिल्डर प्रत्येक पॉइंट रुपयांत मोजतो. लो-व्हीओसी (घातक वाफा कमी सोडणाऱ्या) पेंटचा पॉइंट कंपनीच्या एका सर्टिफिकेटवर मिळतो, जुन्या लाकडासाठी पोराला महिनाभर फायली घेऊन पळवावं लागतं, मग बिल्डर कशाला नादी लागेल? आमच्या बिल्डरने सरळ सांगितलंय, ते लाकूड विकून टाका आणि नवं व्हेनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावा. सरकारचे 2016 चे राडारोड्याचे नियम बघा, वर्गवारीत लाकूड आणि प्लॅस्टिक एकाच ओळीत टाकलं होतं! सागवानाची तुळई आणि फाटकी ताडपत्री सारखीच?

वजनावर मोजा ना. किती टन नवा माल टळला ते विचारा. पक्कं बिल नसेल तर पाडकामाची परवानगी आणि फोटो पुरावा म्हणून धरा, साइटवर येऊन तुळईला हात लावून बघा, त्यात अवघड काय आहे?

विकणार नाहीये मी. क्वेरीचं उत्तर उद्या जातंय, व्यापाऱ्याची पावती आहे तशी, सोबत परवानगीची कॉपी आणि सगळे फोटो. नाकारायचं असेल तर कुठल्या नियमाने नाकारलं ते लेखी द्या, "डॉक्युमेंटेशन अपुरं" एवढ्या दोन शब्दांत मला गुंडाळू नका.