कॅन्सलचं बटण दोनदा दाबल्याने काय होतं?

"एटीएममध्ये कार्ड टाकण्याआधी कॅन्सल दोनदा दाबा, पिन चोरायला लावलेला सापळा निकामी होतो. कुणी धाक दाखवला तर पिन उलटा टाका, पोलीस आपोआप येतील. टॅपचं कार्ड फॉइलमध्ये गुंडाळा, नाहीतर गर्दीत मशीन टेकवून पैसे काढतात." आणि खाली शेपूट: "रिझर्व्ह बँकेचा सल्ला, सर्वांना पाठवा." सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर हा मजकूर कधी एकत्र, कधी तुकड्यांनी फिरत असतो. पाठवणाऱ्याला आपली काळजीच असते, म्हणून नुसतं "फेक आहे" म्हणून सोडून देण्यापेक्षा एकेक मुद्दा बघू.

कॅन्सलचा सल्ला रिझर्व्ह बँकेने दिलेला नाही. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं जाहीरही केलं आहे. कॅन्सल म्हणजे चालू व्यवहार रद्द कर, एवढंच मशीनला समजतं. चोर कार्डाच्या खाचेवर आपलं स्किमर, म्हणजे कार्डाच्या पट्टीवरची माहिती उतरवून घेणारं यंत्र, बसवतो आणि कीपॅडच्या वर कुठेतरी बारीक कॅमेरा चिकटवतो. त्या कॅमेऱ्याला तुमच्या कॅन्सलशी काय घेणंदेणं? दुसऱ्या हाताने कीपॅड झाकलात, तर मात्र त्याला काही दिसत नाही. नुसती काळी पट्टी असलेली कार्डं २०१८ अखेरपर्यंत बदलून चिपची कार्डं द्यायला बँकांना सांगितलं गेलं, त्यामुळे पट्टी कॉपी करून कार्ड बनवण्याचा धंदाही पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही.

एटीएममधला जुना, बिनतांत्रिक प्रकार या मेसेजमध्ये कुठेच नसतो. पैसे निघेनात म्हणून कुणी वयस्कर माणूस चाचपडत असतो, मागचा तरुण म्हणतो, "द्या काका, मी बघतो." काकांनी पिन टाकताना तो बघून ठेवतो आणि परत देताना त्याच बँकेचं, त्याच रंगाचं दुसरंच कार्ड हातात ठेवतो. घरी आल्यावर कळतं की कार्डावर नाव भलत्याचंच आहे. कार्ड कुणाच्याही हातात द्यायचं नाही. गेलंच, तर परत घेताना नाव वाचायचं. कॅन्सलचा खरा उपयोग आहे तो शेवटी: बटण अडकलं, स्क्रीन थिजली, तर कॅन्सल दाबा आणि मशीन पहिल्या पानावर आल्याशिवाय हलू नका. काही ठिकाणी बटणं मुद्दाम चिकटवून ठेवतात आणि तुमची पाठ फिरली की तोच व्यवहार पुरा करतात.

उलट्या पिनची कल्पना अमेरिकेतली. १९९८ मध्ये तिथे तिचं पेटंटही निघालं, पण बँकांनी ती स्वीकारली नाही. १२२१ हा पिन उलटा केला तर काय होईल, याचं उत्तर मेसेजमध्ये नाही. आपल्याकडे उलटा पिन म्हणजे चुकीचा पिन, बस्स. समोर धाक दाखवणारा उभा असताना हा प्रयोग नको.

टॅपची भीती अगदीच निराधार नाही. ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे जाऊ शकतात. पण मशीन कार्डाच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर न्यावं लागतं आणि ते पैसे केवायसी झालेल्या व्यापाऱ्याच्या खात्यात जमा होतात, म्हणजे चोर आपला पत्ता मागे ठेवून जाणार. फॉइल कशाला? बँकेच्या ॲपमध्ये टॅप बंद करायचं बटण असतं. तिथेच परदेशी व्यवहारांचंही असतं आणि ते जास्त महत्त्वाचं. अनेक परदेशी साइटवर ओटीपी विचारलाच जात नाही. नंबर, मुदत आणि फार तर सीव्हीव्ही पुरतो. परदेशात जायचं नसेल, तिथून काही मागवायचं नसेल, तर ते आजच बंद करा.

आणि सगळी खबरदारी घेऊनही फटका बसू शकतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला, बनावट कार्डांनी परदेशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. कुठल्या खातेदाराने कुठलं बटण दाबलं होतं, याचा तिथे काडीचाही संबंध नव्हता.

रिझर्व्ह बँकेने खरोखर काय सांगितलं, ते ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे, आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही. चूक बँकेची असेल तर भुर्दंड तुमच्यावर नाही. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी व्यवहाराचा बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले, तर नेहमीच्या बचत खात्यावर एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापुढे बँकेचं धोरण. "रिवॉर्ड पॉइंट आज संपतायत" म्हणणाऱ्याला ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं; कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झाली म्हणून लाजून गप्प बसण्यात तोटाच.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लगेच कराच, चोराने पैसे ज्या खात्यात वळवले तिथे ते गोठवायला त्याचा उपयोग होतो. पण तो केला म्हणजे बँकेलाही कळवलं, असं धरून चालू नका. कार्ड ब्लॉक करा, बँकेकडे वेगळी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक व वेळ लिहून ठेवा, कारण ते तीन दिवस मोजले जातात ते बँकेला कळवेपर्यंत.