डिंकानं गेलं, चिकानं भरलं

गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक आणि सुकामेव्याची वडी, दाताला चिकटतं, हे लहानपणापासून ठाऊक होतं. दात करदंटाला चिकटतो, हे गेल्या महिन्यात कळलं. खालच्या दाढेतलं जुनं सिमेंट डिंकात रुतून बदामासारखं बाहेर आलं. कन्नडमध्ये 'अंटु' म्हणजे डिंक. नावातच इशारा होता, पण गोड खाताना व्युत्पत्ती कोण बघतो!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "लवंग धर. मी म्हटलो होतो की तुला, काढून टाक ती दाढ." (आमच्या बेळगावात बायकाही 'म्हटलो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना घेरी येते.)

टिळकवाडीतल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला. "काढायची कशाला? वाचते की. रूट कॅनॉल करू." कॅनॉल म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं हिडकल धरणाचं पाणी आणि हिरवागार ऊस. माझ्या दाढेत असे 3 कॅनॉल निघाले, तिन्ही नासलेले.

खुर्चीत आडवा झालो. तोंडात नळी, कापूस, आरसा आणि बाईंची दोन बोटं. बाई मदतनीस मुलीशी कन्नड बोलत होत्या. 'हल्लु' म्हणजे दात, हे मला पक्कं माहीत. पण ड्रिल सुरू झालं की माणूस मातृभाषेतच ऐकतो. त्या 'हल्लु' म्हणाल्या की मी 'हलू नको' समजून श्वाससुद्धा रोखायचो. "नोव ऐतेन्री?" त्यांनी विचारलं. दुखत होतं. मी "आँ" केलं. त्याचा अर्थ त्यांनी दोन्ही भाषांत 'नाही' असा लावला.

नस काढली, कॅनॉल धुतले, शेवटी त्यात गटापर्चा भरला. तो मलायाकडच्या झाडाचा चीक. मधल्या दिवसांत जे तात्पुरतं सिमेंट घातलं होतं, त्याला लवंगेचा घमघमाट. त्यात लवंगेच्या तेलातलाच अर्क असतो. हे काकूंना अजून सांगितलेलं नाही. एवढी पोखरलेली दाढ चावताना तडकू नये म्हणून वर कॅप बसली.

पहिल्या दिवशीचं एक राहिलंच. भूल उतरली नव्हती, अर्धा ओठ लोंबत होता. रात्री मऊ काहीतरी असावं म्हणून खव्याचा कुंदा घ्यायला नेहमीच्या दुकानात शिरलो आणि म्हणालो, "फाव खिलो खुंदा."

इतकी वर्षं माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या दुकानदारानं अदबीनं विचारलं, "एष्ट बेक्री?" म्हणजे, किती हवंय?

मी कन्नडमध्ये सांगितलं. मग तो हिंदीवर आला.