मामा, दुसरं खातं उघडू नका!

परवा कोरेगावहून मामांचा फोन आला. आवाज चढलेला. "आपल्या गडाचं इंग्रजी विकिपीडियावरचं पान कायमचं बंद केलंय म्हणे!" तो मेसेज साताऱ्यातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणणं एवढंच : पान कायमचं बंद, तेही परदेशात बसून, चुकीचा मजकूर मंजूर झाला, म्हणून प्रत्येकानं पाच-पाच खाती काढून तुटून पडा.

मामांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यांनी एक खातं काढलं होतं, दुसऱ्याच्या तयारीत होते. म्हणून आधी याचाच समाचार घेतो. पान अर्धसुरक्षित केलंय, म्हणजे नव्या आणि बिनखात्याच्या लोकांपुरतं कुलूप लावलंय. अशा पानात बदल करायला खातं किमान ४ दिवसांचं लागतं आणि त्यावर १० संपादनं लागतात. आज काढलेल्या खात्यानं काहीही होणार नाही. चार दिवसांनी पाच खात्यांवरून एकच ओळ घुसवाल, तर एकाच माणसाचे उद्योग म्हणून ती सगळी ब्लॉक होतील आणि कुलपाची मुदत वाढेल. ज्याच्याकडे खरा पुरावा आहे, त्याचंच तोंड असं बंद होतं. हा सल्ला देणाऱ्याचा मला खरंच संताप येतो.

'कायमचं' म्हणणाऱ्यानं पान उघडून तरी बघायचं! 'व्ह्यू हिस्टरी'त गेलं की लॉगची, म्हणजे पानावर झालेल्या कारवायांच्या नोंदींची, लिंक असते. मामांना फोनवरूनच तिथं नेलं. कारण लिहिलेलं : संपादनयुद्ध, म्हणजे एकमेकांचे बदल पुन्हा पुन्हा उलटवणं. मुदत : एक आठवडा. ती संपली की कुलूप आपोआप निघतं.

परदेशाचं म्हणाल, तर कुलूप लावणारे प्रचालक स्वयंसेवक असतात, संपादकांनीच निवडलेले. विषय संपला.

राहिली मंजुरी. सुरक्षेच्या धोरणातच स्पष्ट लिहिलंय की कुलूप म्हणजे त्या घडीच्या मजकुराला पाठिंबा नव्हे. मात्र चुकीची ओळ तोवर तशीच दिसत राहते. हे मला मान्य आहे, आणि ते खुपतंही. पण त्यावर वाट ठेवलेली आहे. 'एडिट'च्या जागी आता 'व्ह्यू सोर्स' दिसतं. ते दाबलं की बदलाची विनंती करायचं बटण येतं. विनंती चर्चापानावर जाते, सगळ्यांसमोर.

मामांनी कपाटातून शासनाचं १९६३चं सातारा जिल्हा गॅझेटिअर काढलं, पान क्रमांक शोधला आणि चार ओळींची विनंती टाकली. एकाच खात्यावरून.