वर्ग खाली आणा, आईला वर बोलावू नका

माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे. वॉकर घेऊन चालतो, गणितात पक्का आहे. चौथीपर्यंत वर्ग तळमजल्यावर होता, पाचवीचा दुसऱ्या मजल्यावर गेला. शाळेने ताईला सांगितलं, 'मदतीला तुमची बाई ठेवा, आणि पडला-झडला तर जबाबदारी पालकांची असं लिहून द्या.' बाई परवडत नाही, म्हणून ताईच गेटबाहेर बसून असते. मधल्या सुट्टीत वर जाते, त्याला उचलून खाली बाथरूमला आणते, पुन्हा वर नेऊन सोडते. एवढा मोठा मुलगा आईच्या कडेवर, सगळ्या वर्गादेखत. हल्ली तो शाळेच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही.

ही जबाबदारी ताईची नाहीच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे, एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या 16 व्या कलमात सरकारी अनुदानावरच्या आणि मान्यताप्राप्त अशा दोन्ही शाळा येतात, त्यामुळे 'आम्ही विनाअनुदानित' ही सबब चालत नाही. भेदभाव न करता प्रवेश, मुलाला वापरता येईल अशी इमारत, त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय, हे सगळं शाळेकडून अपेक्षित आहे. वाजवी सोय नाकारणं हा या कायद्याने भेदभावच धरलाय.

लिफ्टला पैसे नाहीत, हे मी समजू शकते. झेपणार नाही असा बोजा कायदाही टाकत नाही. पण पाचवीचा वर्ग खाली आणून दुसरा एखादा वर न्यायला काय खर्च येतो? बाकं उचलायला एक शनिवार पुरे.

उशिरा मिळालेल्या न्यायाने भागत नाही. नीटच्या परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिणं अवघड जाणारी अडचण, असलेल्या एका मुलीला जादा वेळ दिला नव्हता. नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, फेरपरीक्षा मात्र दिली नाही. पाचवीचं वर्षही असंच निघून जाईल.

जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी नोडल अधिकारी, म्हणजे त्याच कामासाठी नेमलेला अधिकारी, असावा, असा नियम आहे. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. पण पहिला अर्ज मुख्याध्यापकांनाच द्यावा आणि उत्तर लेखी मागावं, असं माझं मत आहे. ताई कचरते, शाळा पोरावर राग काढेल म्हणून. त्या शाळेतले काही पालक माझ्या मित्रयादीत आहेत. अर्ज मी लिहिलाय, त्यावर तुमच्याही सह्या हव्या आहेत. मेसेज करा, मी घरी येऊन सही घेईन.