एक मेणबत्ती आमच्या नावानं

वसईतून युरोपला निघालेल्या माणसाला कोणी 'मजा करून ये' म्हणत नाही. 'आमच्या नावानं एक मेणबत्ती लाव' म्हणतात. त्यात टूर जर फातिमा, लुर्ड, पादुआ, आसिसी, रोम अशी ख्रिस्ती तीर्थस्थानांची असेल, तर निघायच्या आधी दारात येणारा प्रत्येक जण काही ना काही काम सोपवूनच जातो. कोणाच्या मुलाचं लग्न जुळत नाही, कोणाचा जमिनीचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं पडून आहे, कोणाला कॅनडाचा व्हिसा हवाय. आमच्या आळीतल्या एका बाईंना जावयाची दारू सुटायला हवी होती, पण जावयाला ते कळता कामा नये.

सासूबाईंनी यासाठी एक दोनशे पानी वही घातली. प्रत्येक देवस्थानाला वेगळं पान, पानावर नावं, नावापुढे मागणं, त्यापुढे मेणबत्तीसाठी मिळालेले पैसे. आमचे हे बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "ऑडिटला कधीही पाठवा." स्वतः मात्र आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे खरं तर सासूबाईंचे बदललेत, दोन्ही.

टूर 'आध्यात्मिक' होती. म्हणजे बरोबर एक फादर होते आणि रोज मिस्सा (चर्चमधली उपासना) होती. टूर मॅनेजरही होता, त्यामुळे रोज पहाटे साडेपाचला खोलीतला फोन वाजायचा. बाकी सगळी आपलीच माणसं: निर्मळ, गास, गिरीज, नंदाखाल, आगाशी. विरारच्या पलीकडचं कोणी नाही.

लिस्बनच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं माझा पासपोर्ट उघडला, आडनाव वाचलं, त्याचा चेहरा उजळला आणि तो धबाधबा पोर्तुगीज बोलायला लागला. मी मान हलवली. त्यानं मागचा पासपोर्ट घेतला: परेरा. त्यामागे लोपीस, रॉड्रिग्ज, डिमेलो, आणखी दोन परेरा. आणि ही सगळी मंडळी आपसात "अगो, माझी पिशवी कुणाकडं गेली?" म्हणून ओरडत होती. १५३४ ते १७३९ एवढा काळ त्याच्या पूर्वजांनी वसईत काढला, आम्हाला धर्म दिला, आडनावं दिली, भाषा द्यायची तेवढी राहून गेली. हे सगळं त्याला रांगेत उभं राहून कसं सांगणार? त्यानं शेवटी शिक्के मारले, पण फसवलं गेल्याचा भाव काही चेहऱ्यावरून गेला नाही.

जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. गाइडबाई म्हणाल्या, यानं भारत शोधला. गिरीजच्या काकांनी विचारलं, "हरवला कधी होता?" बाई हसल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. काकांचं दुसरं दुखणं घंटांचं. कुठल्याही चर्चची घंटा वाजली की ते म्हणायचे, "ही आमच्या वसईची असणार." शेवटी फादरांनी सांगितलं, काका, आपल्या घंटा चिमाजी अप्पांनी नेल्या, त्यातली एक नाशकात नारोशंकराच्या देवळात आहे असं म्हणतात, तिच्यासाठी इतक्या लांब यायची गरज नव्हती.

मग फातिमा. १९१७ साली मे ते ऑक्टोबर, लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन मेंढपाळ मुलांना इथे पवित्र मरियेचं दर्शन झालं. भलंमोठं पटांगण आहे, त्यातून गुडघ्यांवर चालत जायला संगमरवरी पट्टा आहे. मूर्तीच्या मुकुटात एक बंदुकीची गोळी बसवली आहे, १३ मे १९८१ला पोप जॉन पॉल दुसरे यांना लागलेली. हे सगळं ऐकताना सासूबाईंचं लक्ष मात्र मेणबत्त्यांच्या जागेवर होतं. तिथे एवढी गर्दी आणि एवढी धग, की मेणबत्ती खोचली की ती आधी कमरेत वाकते, मग शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकते आणि सगळ्याच मिळून खालच्या जाळात वितळून जातात. सासूबाईंनी वहीतलं पहिलं नाव वाचलं, मेणबत्ती लावली, डोळे मिटले, उघडले. मेणबत्ती गायब.

"अगं, हे काय! अजून 'आमेन' पण झालं नाही."

मी म्हटलं, "आई, पोचली ती."

"कशी पोचली? कॅनडाच्या व्हिसाचं नुसतं नाव घेतलंय मी, अर्ज कुठं सांगितला?"

पुढची मेणबत्ती त्यांनी लावलीच नाही. हातात धरून आधी सगळं मागणं सांगितलं, कोर्टाचा केस नंबर वाचून दाखवला आणि मगच ती आगीत सोडली. मागे स्पॅनिश लोकांची रांग लागली होती. मी त्यांच्याकडे बघून जे हसत राहिले, ते वही मिटेपर्यंत.

फातिमाहून लुर्डला बसनं जायचं म्हणजे अख्खं स्पेन आडवं येतं. बसमध्ये माइक होता, आणि माइक असला की जपमाळ होणारच. सकाळी आनंदाची रहस्यं (म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग), दुपारी दुःखाची, संध्याकाळी गौरवाची. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्यं वाढवली, ती जेवणानंतर, ऐन झोपेच्या वेळी. पण बसमध्ये खरी सत्ता फादरांची नाही, टूर मॅनेजरचीही नाही. ती ड्रायव्हरची. युरोपातल्या कायद्यानं साडेचार तास गाडी चालवली की त्याला पाऊण तास थांबावंच लागतं, गाडीतलं यंत्र सगळं नोंदवून ठेवतं. आमचा ड्रायव्हर पोलंडचा होता, धार्मिक होता, आरशाला त्याच्या जपमाळ लटकत होती. तरी हॉटेल समोर दिसत असताना त्यानं पेट्रोल पंपावर गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि सँडविच सोडलं. आगाशीच्या टीचर त्याला सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, घेऊन विनवायला गेल्या. त्यानं सुकेळी खाल्ली, छान म्हणाला, आणि पाऊण तास पुरा केला.

बुर्गोसचं कॅथीड्रल पाहिलं, असं फोटोवरून दिसतं. तिथल्या हॉटेलात नंदाखालच्या आजींची कवळी हरवली. पेल्यात ठेवली होती म्हणतात. पुढचे सगळे दिवस त्यांनी पेज आणि पास्त्यावर काढले आणि पास्ताही पेजेसारखा शिजवून घेतला.

लुर्डला मात्र मी वाद घालणार नाही. १८५८ साली बर्नादेत नावाच्या गरीब, दमेकरी मुलीला नदीकाठच्या गुहेत अठरा वेळा दर्शन झालं, आणि तिनं हातानं माती उकरली तिथे झरा लागला. त्या झऱ्याचं पाणी नळांना येतं, फुकट. बाटल्या विकत. मरियेच्या आकाराच्या, निळ्या मुकुटाचं झाकण असलेल्या बाटल्यांची अख्खी बाजारपेठ बाहेर आहे. सासूबाईंनी घरून रिकाम्या बाटल्या आणल्या होत्या, लिटरच्या, सरबताच्या, एक तर खोकल्याच्या औषधाची. नळ दाबून धरावा लागतो. मी दाबत होते, त्या भरत होत्या, झाकणावर मार्करनं नाव लिहीत होत्या. मागे उभी असलेली एक फ्रेंच बाई आधी त्रासली, मग घड्याळ बघायला लागली आणि शेवटी झाकणं लावू लागली.

इथे १८८३पासून डॉक्टरांचं एक कार्यालय आहे. बरं झाल्याच्या हजारो नोंदी झाल्या, पण चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेल्या सत्तरच्या थोड्या वर. नियम कडक आहेत. आजार गंभीर हवा, गुण अचानक यायला हवा, आणि टिकायलाही हवा. फादर हे समजावत होते, तेव्हा सासूबाईंनी वही उघडली.

"टिकायला हवा?"

"हो."

"मग जावयाचं कठीण आहे," त्या म्हणाल्या आणि त्याच्या नावापुढे आणखी एक बाटली वाढवली.

रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. व्हीलचेअरवरचे आजारी पुढे असतात, मागे हजारो लोक, आणि 'आवे, आवे' आलं की सगळ्यांनी मेणबत्ती वर करायची. गिरीजच्या काकांनी इतक्या भक्तीनं वर केली की कागदाच्या शेडनं पेट घेतला. आमच्या गटानं शेवटची दोन कडवी त्यांना विझवण्यात म्हटली.

मिलानचा ड्युओमो, म्हणजे तिथलं कॅथीड्रल, आम्ही उजव्या खिडकीतून पाहिला, डावीकडच्यांनी उजवीकडच्यांच्या डोक्यावरून. पादुआ आलं तेव्हा नंदाखालच्या आजी पहाटेपासून आवरून बसल्या होत्या. संत अँथनी जन्माला आला लिस्बनला, ११९५त. वारला पादुआत, १२३१त, आणि वर्षाच्या आत संत झाला. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा म्हणून जगभर त्याच्याकडे गाऱ्हाणी जातात. बत्तीस वर्षांनी शवपेटी उघडली तर एवढ्या मोठ्या प्रवचनकाराची जीभ न कुजता राहिलेली. ती जीभ बॅसिलिकेच्या मागच्या बाजूच्या चॅपेलमध्ये काचेत ठेवली आहे. तिच्याजवळच सोन्या-चांदीच्या मढवलेल्या पात्रात त्याच्या जबड्याचं हाड. आजी त्या जबड्यापुढे उभ्या राहिल्या, पदर तोंडावर धरला आणि बोळक्या तोंडानं जे काही म्हणाल्या ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. रखवालदारानं पुढे सरकायची खूण केली. आजी हलल्या नाहीत. आपल्या मोकळ्या हिरड्या त्यांनी त्याला दाखवल्या, मग जबड्याकडे बोट केलं. रखवालदार बाजूला झाला.

कवळी त्याच दुपारी सापडली, सुकेळीच्या डब्यात. डबा आगाशीच्या टीचरांचा. कवळी तिथे कशी गेली याचा तपास करायचा नाही असं फादरांनी ठरवलं. माझं मत विचाराल तर संत अँथनीचं काम शोधून देण्याचं आहे, स्पष्टीकरण देण्याचं नाही. टीचरांनी मात्र उरलेली सुकेळी कुणालाच दिली नाही.

लोरेतोला मरियेचं नाझरेथचं घर आहे. देवदूतांनी ते उचलून उडवत आणलं, अशी श्रद्धा. म्हणून १९२० साली लोरेतोमातेला वैमानिकांची आश्रयदाती ठरवलं. अख्खं घर, भिंतींसकट, आणि वजनाची मर्यादा नाही. बाटल्यांनी भरलेल्या बॅगेकडे बघून माझ्या मनात काय आलं ते मी कन्फेशनमध्येसुद्धा सांगितलं नाही. आसिसीला संत फ्रान्सिस पाहून झाल्यावर कार्लो आकुतिस पाहिला, २००६ साली पंधराव्या वर्षी वारलेला मुलगा, काचेच्या कबरीत जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घालून. सासूबाईंनी त्याला बराच वेळ निरखलं. मग नातवाला व्हिडिओ कॉल लावला: "बघ, हा कॉम्प्युटर करून संत झाला. तू नुसता कॉम्प्युटर करतोस."

रोममध्ये सेंट पीटर्सच्या चौकात खांबांच्या रांगेवर १४० संतांचे पुतळे आहेत. सासूबाईंनी मान वर करून विचारलं, "ह्यात आपला गोन्सालो गार्सिया कुठला?" वसईचा हा आमचा संत, १५९७त नागासाकीला क्रुसावर मारला गेला, पण रोमनं त्याला संत केलं १८६२ला. पुतळे त्याच्या दीडशे वर्षं आधीच बसून गेले होते. "म्हणजे जागाच ठेवली नाही," असं म्हणून त्या तपासणीच्या रांगेत शिरल्या आणि दोन्ही गुडघ्यांनिशी वाजल्या. रखवालदारीण बाजूला घेऊन तपासायला लागली. सासूबाईंनी परकर घोट्यापासून वर करायला सुरुवात करताच तिनं हात जोडून आत सोडलं.

आणि मग पवित्र जिना. अठ्ठावीस पायऱ्या, जेरुसलेममध्ये रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्यात येशू ज्या चढला त्या, संत हेलेनानं आणवलेल्या, अशी परंपरा. चढायच्या त्या गुडघ्यांवर. संगमरवरावर लाकूड घातलंय. बदललेल्या गुडघ्यांनी टेकायला डॉक्टरांची मनाई. सासूबाईंनी वही माझ्या हातात दिली. "तू चढ. गावाच्या वतीनं. मी बाजूच्या जिन्यानं येते."

तिसऱ्या पायरीपर्यंत भक्ती होती. पुढे फक्त हाडं. लाकडाची कड नेमकी वाटीखाली येते. माझ्यापुढे एक धिप्पाड गृहस्थ होते, त्यांच्या बुटांचे तळवे माझ्या नाकासमोर. ते प्रत्येक पायरीवर अख्खी जपमाळ म्हणत असावेत. ओव्हरटेक करायला जागा नाही, उठून उभं राहायची सोय नाही, मागे एक नन माझ्या टाचांना धरून. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून वही वाचली. लग्न, दावा, व्हिसा, गुडघे, मूल, गुडघे, नोकरी, गुडघे. एका नावापुढे नुसतं 'तिला माहीत आहे' एवढंच. गावाची इतकी माहिती मला पंचवीस वर्षं नांदूनही नव्हती. सुनांच्या यादीत माझंही नाव सापडलं. पुढे काय लिहिलंय ते सांगणार नाही, पण त्या पायरीवर मी स्वतःच्या विरोधातली प्रार्थना प्रामाणिकपणे म्हटली.

वर पोचले तेव्हा सासूबाई बाकावर आरामात बसलेल्या.

"जावयाचं बोललीस?"

"अकराव्या पायरीवर."

"मोठ्यानं नाही ना?"

परतीच्या विमानतळावर बॅगा काट्यावर चढल्या. तेवीस किलोची मर्यादा, सासूबाईंची बॅग सव्वीस. तिथेच जमिनीवर उघडली. माझ्या चीजचा गोळा निघाला, माझी नवी पर्स निघाली, ह्यांच्यासाठी घेतलेली वाइन गिरीजच्या काकांच्या बॅगेत गेली ती कायमची. पाण्याची एकही बाटली हलली नाही. काउंटरवरची इटालियन मुलगी वाकून बघत होती. लुर्ड? तिनं विचारलं. मग वही काय, ती नावं कुणाची? मी सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, माझ्या नोनाच्या, म्हणजे आजीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात, तिचं नाव घालाल का?

सासूबाईंनी पेन काढलं, नाव देवनागरीत लिहून घेतलं, पुढे 'गुडघे' लिहिलं. पैशाच्या रकान्यापाशी थबकल्या आणि मला म्हणाल्या, "तिला सांग, मेणबत्तीचे राहू देत, ते तीन किलोत वळते करून घे."

मी सांगितलं. मुलगी मनापासून हसली, सासूबाईंचा हात हातात घेतला आणि जादा वजनाचे पैसे पूर्ण लावले.