पालकांची संमती आधी का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम.

हायस्कूलच्या मुलामुलींमध्ये ख्रिस्ती सेवा नव्याने सुरू करू पाहणाऱ्या तरुणांसाठी मी जो लेख लिहिला होता, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. मुलांच्या आधी त्यांच्या आईवडिलांना भेटा, त्यांची लेखी संमती घ्या, शाळेच्या फाटकापाशी उभे राहू नका, कोणत्याही मुलाशी बंद खोलीत एकटे बसू नका, असे सांगून मी सेवेचे सरकारी कार्यालय करून टाकले, हा आपला मुख्य आक्षेप आहे. बायबलमधील बालक शमुवेलाने देवाची हाक ऐकली तेव्हा कोणाचे संमतिपत्र मागितले होते, असे आपण विचारले आहे. आणि नववी-दहावीचे कोवळे वय एकदा हातातून गेले की पुन्हा येत नाही, असेही बजावले आहे. आपण सायकलीवरून खेडोपाडी फिरून आयुष्यभर सेवा केलेले आहात, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटत नाही.

शमुवेलापासूनच सुरुवात करतो. तो शिलो येथील मंदिरात होता, कारण हन्नाने, म्हणजे त्याच्या जन्मदात्या आईने, नवस फेडण्यासाठी त्याला स्वतः आणून एलीच्या हाती सोपवले होते. रात्री हाक ऐकू आल्यावर तो मुलगा पुन्हा पुन्हा एलीकडेच धावत गेला आणि काय उत्तर द्यावे हे त्या वृद्ध याजकाने त्याला सांगितले. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचेही तसेच. प्रेषित पौल त्याच्या विश्वासाचा उल्लेख करतो तेव्हा आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. शास्त्रात संमतिपत्राचा नमुना आहे असा माझा दावा नाही, पण मुलाला घराच्या अपरोक्ष गाठण्याचा पायंडाही मला त्यात दिसत नाही.

शास्त्रानंतर आपल्याच मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासाकडे यावे लागते, कारण या प्रश्नाने आपल्याला फार जुन्या काळापासून छळले आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचा धाकटा, अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. त्याच्या वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले. पुढे त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून ब्राह्मणवर्गात मोठा वाद पेटला आणि बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाला त्या मुलाच्या बाजूने उभे राहावे लागले. थोरल्या भावाने जालन्याकडे जे कार्य उभे केले त्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. दोन्ही बाजूंच्या मोठ्या माणसांच्या ओढाताणीत सापडलेल्या धाकट्याचा मात्र आपल्या सभांतून कोणी उल्लेख करत नाही.

दुसरे उदाहरण ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे आहे आणि ते मला अधिक बोचते, कारण रमाबाईंविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, पुढच्याच वर्षी पुण्यात आले. तेथे कोणत्याही मुलीवर धर्माची सक्ती नव्हती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. तरीही १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर वृत्तपत्रांतून जी चिखलफेक झाली तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु रानडे आणि भांडारकर हे काही त्यांचे वैरी नव्हते. संस्थेला आपले नाव आणि प्रतिष्ठा देणारे ते हितचिंतक होते. सक्ती नसणे ही गोष्ट रमाबाईंना पुरेशी वाटली आणि पालकांना ती पुरेशी वाटली नाही. ज्या घराने मुलगी विश्वासाने पाठवली त्या घराला काय चालले आहे हे आधीच आणि स्पष्ट सांगितलेले असणे, ही वेगळी आणि जास्तीची अट आहे, असे माझे मत त्या प्रकरणावरून बनले आहे.

आता आपल्या विदर्भाकडे येतो. येथे धर्मांतर हा शब्द कोणालाही अपरिचित नाही. १९३५ साली येवल्याला घोषणा केल्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेईपर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २१ वर्षे विचार केला, हे आपल्या गावातल्या बौद्ध शेजाऱ्याच्या घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अशा भूमीत पंधरा वर्षांच्या मुलाकडून एका शिबिराच्या शेवटच्या रात्री, गिटारच्या सुरावर, हात वर करवून घेणे आणि त्याला निर्णय म्हणणे मला पटत नाही. (ख्रिस्ती घरातल्या मुलांच्या बाबतीतही पटत नाही, पण तो विषय दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या, तयारीवर्गाचा आहे.)

शिवाय या निर्णयाचे ओझे एकट्या मुलावर पडत नाही. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० प्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांखेरीज अन्य धर्म मानणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीची समजले जात नाही. अनुसूचित जमातींना अशी अट नाही, म्हणून मेळघाटातील कोरकू मुलाचा प्रश्न वेगळा आणि अनुसूचित जातीतील मुलाचा वेगळा. दहावीनंतरचा प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, हे सारे ज्या दाखल्यावर अवलंबून असते त्याचा विचार त्या वयाचा मुलगा करत नाही. त्याच्या बापाला मात्र तो करावाच लागतो. ही अट न्याय्य आहे की नाही यावर आपण दोघे तासभर बोलू शकू, आणि बहुधा आपले एकमत होईल. ती अस्तित्वात असेपर्यंत बापाला अंधारात ठेवणे मला अप्रामाणिक वाटते.

शाळेच्या फाटकाविषयी थोडक्यात. जिल्हा परिषदेची शाळा पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालते आणि संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार अशा संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेतही अल्पवयीन विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकाची संमती लागते. फाटकाबाहेरचा रस्ता सार्वजनिक आहे हा आपला मुद्दा कायद्याने कदाचित टिकेल, पण फाटकाबाहेर पत्रके वाटल्यावर मुख्याध्यापकांना चार लोकांसमोर जी उत्तरे द्यावी लागतात ती आपण देत नाही, आणि त्यानंतर आपल्याच मंडळीतल्या मुलांकडे वर्गात कसे पाहिले जाते हेही आपल्याला दिसत नाही.

बंद खोलीच्या नियमाला आपण अविश्वास म्हणालात. येथे मी तसूभरही मागे हटणार नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. पाळक, मंडळीचे पुढारी, संडे स्कूलचे शिक्षक, कोणालाही त्यातून सूट नाही. ‘मंडळीची अब्रू आहे, आपसांत मिटवू’ हे वाक्य आपण दोघांनीही ऐकले असेल. म्हणून नव्या सेवकाने पहिल्या दिवसापासून ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर बसावे, मुलींच्या गटाबरोबर मंडळीतील एखादी जबाबदार बाई असावी, मोबाइलवर मुलांशी रात्री खासगी गप्पा मारू नयेत आणि १०९८ हा बालकांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना पाठ असावा. मुलाला मन मोकळे करायचे असेल तर ते कडुनिंबाखाली, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर बसूनही करता येते.

मुलांच्या ट्यूशन आणि परीक्षा पाहून मी सेवेचे वेळापत्रक ठरवतो, हा आपला टोमणा मी हसून स्वीकारला, पण ट्यूशनपुढे शरण जाण्याचा तो प्रकार नाही. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत आणि दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीला आपल्या मंडळीतील निम्मी मुले रानात असतात. शेजारच्या गावातून येणाऱ्या मुली शासनाच्या मानव विकास योजनेच्या शाळकरी मुलींसाठीच्या बसने परततात आणि ती बस प्रार्थना संपण्याची वाट पाहत नाही. जानेवारीनंतर दहावीच्या मुलांना अभ्यास सोडून बोलावणे म्हणजे त्यांच्या आईवडिलांशी भांडण मागणे होय. उरतो तो पावसाळा, कारण आपल्याकडे उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि ऑगस्टपर्यंत मुले थोडी मोकळी असतात. आणि दुसरा काळ उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, परीक्षा आटोपल्यावर, तोही सकाळी लवकर. नव्या सेवकाने या दोन हंगामांत मन लावून काम केले तरी पुष्कळ झाले.

या सगळ्यात देवाचे वचन कोठे आहे, हा आपला प्रश्न मात्र रास्त आहे. आमच्या गटात बायबलमधील मार्काचे शुभवर्तमान सुरुवातीपासून क्रमाने, थोडे थोडे वाचले जाते, मुले चिठ्ठीवर प्रश्न लिहून टाकतात, आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने पेटी-तबल्यावर म्हटली जातात. प्रार्थनेने परीक्षेत गुण वाढतील किंवा आजार पळून जाईल असे आश्वासन दिले जात नाही, आणि फी भरण्याची मदत गटात येण्याशी कधीही जोडली जात नाही.

शेवटी आपण ज्या मुलाविषयी विचारले आहे त्याच्याबद्दल. त्याच्या वडिलांचा नकार असताना तो आपल्याकडून नवा करार नेऊन गोठ्यात लपवून वाचतो, हे आपण कौतुकाने लिहिले आहे. माझी नम्र सूचना अशी की, आधी त्या मुलाशी बोला, आणि मग मंडळीच्या एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाला सोबत घेऊन, मुलाला मार बसणार नाही अशा बेताने, आपण स्वतः त्याच्या घरी जा आणि पुस्तक मी दिले, दोष माझा, असे त्याच्या वडिलांना सांगा. त्यांनी पुस्तक परत नेण्यास सांगितले तर परत आणा. मुलगा १८ वर्षांचा झाला की काय वाचावे आणि कोठे जावे हे तो स्वतः ठरवील. तोपर्यंत त्याच्या वडिलांशी आपले येणेजाणे सुरू राहिले, तर माझ्या मते त्या घरातील आपली सेवा थांबलेली नसेल.